छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले

शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा आहे आणि शेजारच्या दौंड तालुक्यात कोरेगाव भिवर. भीमा आणि भिवर ही एकाच नदीची नावं. म्हणजे दोन कोरेगावांत गल्लत होऊ नये म्हणून वाडवडिलांनी दोघांच्याही मागे एकच नदी लावून दिली! आणि तरीसुद्धा एखादं वऱ्हाड या कोरेगावाऐवजी त्या कोरेगावात जाऊन जेवून आलं, असं काही ऐकिवात नाही. जेवून आलं असेल आणि नंतर गप्प बसलं असेल, तर गोष्ट वेगळी.

हा मुलूखच असा आहे. रांजणगाव म्हणालात की लगेच विचारणार, गणपती की सांडस? निमगाव म्हणालात तर म्हाळुंगी, भोगी की दुडे? टाकळी हाजी वेगळी, टाकळी भीमा वेगळी. पिंपळे जगताप वेगळं, पिंपळे खालसा वेगळं. तळेगावाला ढमढेरे लावायचं विसरलात तर पाहुणा मावळात दाभाड्यांच्या दारात उभा. खुद्द शिरूरसुद्धा एकटं नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातुरात शिरूर अनंतपाळ आहे. म्हणून आमचं शिरूर घोडनदी. दौंड तेवढं बिचारं एकटं होतं, तर रेल्वेने तेही दोन करून ठेवलं. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. ते टाळायला बाहेरून जोडमार्ग टाकला आणि त्यावरच्या स्टेशनाला ‘दौंड कॉर्ड लाइन’ म्हटलं. तेव्हापासून जावई एका दौंडात उतरतो, मेहुणा दुसऱ्या दौंडात मोटारसायकल चालू ठेवून उभा राहतो, आणि फोनवर दोघंही शपथेवर सांगत असतात की मी दौंडातच आहे.

माणसांचंही तेच. ‘कुणाचा रं तू?’ या प्रश्नाला आमच्याकडे नाव सांगून भागत नाही. ‘खालच्या आळीच्या पैलवानाच्या धाकट्याचा थोरला’ असं उत्तर द्यावं लागतं, आणि ते दिलं की पंचक्रोशीत त्या उत्तराचा दुसरा माणूस सापडत नाही.

वेगळी ओळख ठेवण्यात इतका पिढीजात तरबेज असलेला हा समाज संगणकासमोर बसला की मात्र त्याला काय होतं, कळत नाही.

बाजारपेठेत एक डीटीपीचं दुकान आहे. मुद्रितं तपासायच्या निमित्ताने माझं तिथे बसणं असतं. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आणि ‘युवकांचे आशास्थान’ यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स, हे सगळं तिथे एकाच संगणकावर होतं. त्यासमोर बसणाऱ्या मुलाला सगळे डिझायनर म्हणतात. डिझायनरच्या डेस्कटॉपवर एकदा मी फाइलींची नावं वाचत बसलो होतो. ‘आबा’. ‘आबा नवीन’. ‘आबा नवीन फोटो मोठा’. ‘आबा चष्म्यासह’. ‘आबा मामांना वगळून’. आणि सगळ्यात खाली, ‘आबा शेवटचे’. मी दचकलो. पण आबा बाहेर बाकावर बसून चहा ओतून घेत होते. शेवटची होती ती फाइल. तीही शेवटची नव्हतीच, कारण चहा संपल्यावर आबांना मामांची दया आली.

याहून अवघड प्रकार म्हणजे प्रातिनिधिक काव्यसंग्रह. तालुक्यातले झाडून सगळे कवी त्यात असतात आणि झाडून सगळ्यांनी पाठवलेल्या फाइलीचं नाव असतं ‘कविता’. एक बंडखोर कवी होता, त्याच्या फाइलीचं नाव ‘माझी कविता’. संगणक बिचारा त्यांना कंसात एक, कंसात दोन असे नंबर घालून उतरवून घेतो. मग सातव्या कंसातला कवी आपल्या कवितेऐवजी तेराव्या कंसातल्याची कविता वाचून म्हणतो, ‘मुद्रणदोष बरेच आहेत, पण कविता जमलीय.’

यात अलीकडे ई-पुस्तक आलं. पोरं पुण्यात, हिंजवडीत, एखादं न्यू जर्सीला. त्यांना मोबाइलवर वाचायचं असतं. पीडीएफ पाठवली तर एक ओळ वाचायला बोटाने पान डावीकडून उजवीकडे ढकलत न्यावं लागतं. म्हणून ईपब. ईपब दिसतं पुस्तकासारखं, पण आतून ती झिप केलेली फाइल असते. उघडली की प्रकरणांच्या फाइली वेगळ्या, चित्रं वेगळी, फाँट वेगळे. आणि या सगळ्यांचा हिशेब ठेवणारी एक ओपीएफ नावाची फाइल. तिच्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, भाषा आणि एक ओळख क्रमांक असतो. शिवाय आतल्या प्रत्येक फाइलीलाही एकेक आयडी. एका पुस्तकात दोघांची आयडी सारखी चालत नाही. त्या आयडीची सुरुवात इंग्रजी आकड्याने केलेलीही चालत नाही, आधी एखादं अक्षर लागतं. आमच्याकडे हा नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही. नुसतं नाव छापलं आणि पुढे ह.भ.प. किंवा मा. नसलं तर फ्लेक्स परत येतो.

खरी गोम आहे पुस्तकाच्या ओळख क्रमांकात. आयएसबीएन असेल तर तो तिथे घालता येतो. तो १३ आकडी, भारतातल्या पुस्तकाचा ९७८ नंतर ८१ किंवा ९३ असा चालतो, आणि आपल्या देशात फुकट मिळतो. फुकट असूनही लोक घेत नाहीत, कारण अर्ज भरावा लागतो. मग सॉफ्टवेअर स्वतःच एक क्रमांक तयार करतं, त्याला यूयूआयडी म्हणतात. शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ यांतली ३२ चिन्हं आणि मध्ये चार आडव्या रेघा, मिळून ३६ खुणा. हा क्रमांक कुठल्या कचेरीतून मिळत नाही, संगणक जागच्या जागी यदृच्छेने टाकतो. टाकू शकेल असे वेगवेगळे क्रमांक आहेत पाचावर छत्तीस शून्यं इतके. आपल्याकडे परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. तिथे आपले पूर्वज थकून थांबले होते. तेव्हा जगात दोन पुस्तकांचे छत्तीसच्या छत्तीस आपोआप जुळणं जवळजवळ अशक्य. लग्नात छत्तीस गुण जुळले की भटजी पेढे मागतात. इथे जुळले की घात समजायचा.

आणि जे जगात अशक्य, ते शिरूरच्या बाजारपेठेत पहिल्याच खेपेला झालं.

त्याचं असं झालं. एका निवृत्त हेडमास्तरांनी, म्हणजे गावाच्या गुरुजींनी, आत्मचरित्र लिहिलं. डिझायनरने त्याचं ईपब केलं. देखणं झालं. नंतर एका गावच्या माजी सरपंचांचा कवितासंग्रह आला. सरपंच म्हणजे तात्या. राजकारणातून बाहेर पडल्यावर माणूस कीर्तनाकडे तरी जातो नाहीतर कवितेकडे. डिझायनरने गुरुजींची फाइल उघडली, ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं, गुरुजींची प्रकरणं काढली, तात्यांच्या कविता ओतल्या, नाव बदललं, मुखपृष्ठ बदललं आणि पाठवून दिलं. लग्नपत्रिका अशीच तर होते. मागच्या मुहूर्ताची पत्रिका उघडायची, नवरा-नवरी बदलायचे. (एका पत्रिकेत नवरी बदलायची राहिली होती, पण तो विषय आज नको.)

ओळख क्रमांक तेवढा गुरुजींचाच राहिला.

तात्यांच्या मोबाइलवर गुरुजींचं आत्मचरित्र आधीच होतं. शाळेत त्यांच्या हातचा मार खाल्लेला असल्याने प्रेमाने उतरवून घेतलेलं. वाचायच्या अ‍ॅपला नवीन फाइल मिळाली. त्याने क्रमांक पाहिला आणि ठरवलं की हे पुस्तक तर आपल्याकडे आहेच, कुणीतरी दुरुस्त करून पाठवलंय. त्याने जुन्या मुखपृष्ठाखाली नवा मजकूर घातला आणि वाचक जिथे थांबला होता तिथेच पान उघडून दिलं. पाहुणेरावळे जमलेले, मोबाइल टीव्हीला जोडलेला. पडद्यावर आधी काळ्या टोपीतले हेडमास्तर आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, सातव्या प्रकरणाच्या जागी, ‘तुझ्या ओल्या केसांना’ या धर्तीची एक कविता. तात्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘हे गुरुजींनी लिहिलंय?’ तात्या कधी नव्हे ते चटकन ‘हो’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात. डिझायनरला चूक उमगायला थोडा वेळ लागला, पण उमगली. त्याने ओपीएफ उघडून क्रमांकातले मागचे चार आकडे हाताने बदलले. ‘झालं, तात्या.’

कुठलं झालं? पुस्तक पुन्हा उघडलं तर कवितांच्या शीर्षकांचा वळणदार फाँट गायब. सगळी शीर्षकं मोबाइलच्या रोजच्या अक्षरांत, नळपट्टीच्या नोटिशीसारखी. फाँट कुणी सहज काढून घेऊन वापरू नये म्हणून ईपबमध्ये तो थोडा घुसळून ठेवायची सोय असते, आणि पुन्हा सरळ करायची किल्ली त्या ओळख क्रमांकातूनच तयार होते. क्रमांक बदलला की किल्ली बदलली. फाँट फाइलीत असतो, पण उघडत नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या ईपबात अनुक्रमणिकेची एक वेगळी फाइल असते, तिच्यातही तोच क्रमांक पुन्हा लिहिलेला असतो. एकीकडे बदलला, दुसरीकडे राहिला. म्हणजे एकाच पुस्तकाची दोन नावं.

डिझायनर तात्यांना समजावू लागला. ‘तात्या, प्रत्येक पुस्तकाला एक ओळख क्रमांक असतो...’ तात्यांनी खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली आणि खाली सही करून पुढे केली. त्यांचीही चूक नाही. या राज्यात कुणी ओळख क्रमांक म्हटलं की हात आपोआप खिशाकडे जातो. देशातलं पहिलं आधारच मुळी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. त्यानंतर शेतकरी आयडी आली, सातबाऱ्यावर भू-आधार आला. तात्यांच्या पाकिटात नोटांपेक्षा नंबर जास्त आहेत.

‘तुमचा नाही, पुस्तकाचा,’ डिझायनर म्हणाला. ‘पुस्तकात दुरुस्ती केली तरी तो तोच ठेवायचा. नवीन पुस्तक केलं की नवीन घ्यायचा.’

तात्या एकदम सावरून बसले. ‘म्हणजे गट नंबर म्हण की!’

पुढचा अर्धा तास दुकानात तात्या बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. इलेक्ट्रॉनिक प्रकाशनावरचं इतकं स्वच्छ व्याख्यान मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आधी जमिनीला सर्व्हे नंबर होते. १९४७ सालचा तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, विखुरलेले तुकडे एकत्र केले आणि त्यांना गट नंबर पडले. आजोबा गेले, वारस लागले, गट नंबर तोच. सोसायटीचा बोजा चढला, बोजा उतरला, गट नंबर तोच. जमीन विकली, मालक बदलला, तरी नंबर तोच. जे जे बदलेल त्याचा फेरफार पडतो, त्या फेरफाराला स्वतःचा वेगळा नंबर, तो सातबाऱ्यावर दिसतो. भाऊ वेगळे झाले तर पोटहिस्सा पडतो, पण नंबर मनाने कुणी टाकत नाही.

ईपबचंही असंच आहे. पुस्तकाचा क्रमांक कायम. दुरुस्ती केली की ओपीएफमध्ये फक्त बदलाची तारीख-वेळ नवी घालायची. क्रमांक आणि वेळ मिळून कळतं की पुस्तक कुठलं आणि त्याची कुठली आवृत्ती. म्हणजे गट आणि फेरफार. ईपबची तिसरी आवृत्ती २०११ साली आली तेव्हा ही वेळ लिहिणं सक्तीचं झालं. तात्यांचे आजोबा ती पद्धत तलाठ्याकडे हेलपाटे घालून शिकलेले होते.

‘आता मला सांग,’ तात्या डिझायनरला म्हणाले, ‘दुसऱ्याच्या गटाचा उतारा काढायचा, त्याचं नाव खोडायचं, आपलं घालायचं, आणि नंबर तोच ठेवायचा. ह्याला आमच्यात काय म्हणतात?’

डिझायनर काही बोलला नाही.

‘चारशेवीस.’

मग तात्या अर्थातच सातबाऱ्यावर घसरले. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवताना कुणाचं क्षेत्र वाढलं, कुणाचं आडनाव बदललं, कुणाची विहीर शेजाऱ्याकडे गेली. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकावरचा सातबारा चावडीत मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने हरकत घ्यायची. पुढच्या वर्षीपासून डिजिटल सहीचा उतारा मिळायला लागला. चावडी वाचन ही मुद्रितशोधनाची आजवर झालेली सगळ्यात मोठी बैठक आहे, हे माझं मत. आम्ही मुद्रितशोधक एकटे चष्मा लावून बसतो. तिथे अख्खा गाव मुद्रितं तपासत होता, आणि प्रत्येकाला आपल्या ओळीत रस होता. असे वाचक कुठल्या लेखकाला मिळतात?

ओपीएफमधली ती बदलाची तारीख-वेळ मात्र आणखी एक घोटाळा करून गेली. तात्यांनी सुधारित आवृत्तीसाठी अक्षय्य तृतीयेची पहाट धरली. साडेतीन मुहूर्तांतला एक, पाचच्या ठोक्याला डिझायनरने त्यांच्यासमोर बटण दाबलं, नारळ फुटला. नंतर तात्यांच्या इंजिनिअर नातवाने फाइल उघडून पाहिली तर बदलाची वेळ आदल्या दिवशीची, रात्री साडेअकरा. नियमाप्रमाणे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. तात्यांना वाटलं, पोराने आदल्या रात्रीच उरकून ठेवलं आणि पहाटे नुसता नारळ फोडायला बोलावलं. त्यांना ते पटवून द्यायला नातवाला पृथ्वीचा गोल आणावा लागला. गोल पाहूनही तात्या एवढंच म्हणाले, ‘मुहूर्त आपल्याकडचा आणि वेळ लंडनची कशाला?’ याला माझ्याजवळही उत्तर नाही.

अशा वेळी मला दौंड तालुक्यातल्या केडगावचा छापखाना आठवतो. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकांनी केलं. बायबल हे ओळख क्रमांकाचं फार जुनं घर. पुस्तक, अध्याय, ओवी सांगितली की कुठल्याही भाषेतल्या, कुठल्याही आकाराच्या प्रतीत तेच वाक्य सापडतं. पानाचा नंबर लागत नाही. आज वापरात असलेले ओव्यांचे आकडे रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली नव्या कराराला घातले. त्यातलं बरंच काम त्याने घोड्यावरून प्रवास करताना केलं, अशी आख्यायिका आहे. एखाद्या ठिकाणी वाक्य मध्येच तुटलेलं दिसलं की लोक घोड्याला दोष देतात. आम्हाला तेवढीही सोय नाही, आमचा डिझायनर खुर्चीवर बसतो.

खिळ्यांच्या छपाईत एक गोष्ट फार चांगली होती. फर्मा छापून झाला की जुळारी तो सोडवून खिळे परत केसमध्ये टाकत असे. क ‘क’च्या घरात, मात्रा मात्रांच्या घरात. गुरुजींचं आत्मचरित्र छापून संपलं की त्याचं अक्षर न् अक्षर सुटं होऊन पडायचं, आणि तात्यांच्या कविता पहिल्या खिळ्यापासून जुळवाव्या लागायच्या. त्यात तात्यांच्या दहा ओळींना गुरुजींच्या घरातला ‘ळ’ येत असेल, पण गुरुजींची टोपी येत नसे. जुनं आयतं उघडून त्यावर नवं चढवायची सोयच नव्हती. आळशी माणसाला चूक करायला इतकी मेहनत पडत असे की तो चूक करायचं टाळायचा.

आता डिझायनर शहाणा झालाय. कोरी फाइल उघडतो, यूयूआयडी नवीन टाकतो, अनुक्रमणिकेतही तोच जातोय ना ते बघतो, फाँट सगळ्यात शेवटी घालतो. कोविद गोयल या आपल्याच माणसाने २००६ साली सुरू केलेलं कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याने बसवलंय. ते प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरला नावापुढे कंसात स्वतःचा आकडा घालतं, त्यामुळे ‘कविता’ कितीही आल्या तरी एकमेकींच्या अंगावर पडत नाहीत. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात तात्या दुसरा संग्रह घेऊन आले. त्यांनी नवीन क्रमांक नीट वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘ह्यात चॉइस नाही का मिळत?’

दौंडात एमएच ४२ च्या गाड्यांच्या कुठल्याही गर्दीत उभं राहा. ४१४१ म्हणजे ‘दादा’, २१४ म्हणजे ‘राम’. आकड्यांच्या आड अक्षरं लपवण्यासाठी माणसं आरटीओत गाडीच्या किमतीच्या हिशेबात पैसे मोजतात. तात्यांना पुस्तकाला ४१४१ हवा होता.

डिझायनरने सांगितलं, की हा क्रमांक यदृच्छेने पडतो, त्यातच त्याचा वेगळेपणा. मग थोडा विचार करून म्हणाला, ‘पण तात्या, मधल्या गटाचा पहिला आकडा कायम चारच असतो. पद्धतीची खूण म्हणून.’ हे खरं आहे. यदृच्छेने टाकलेल्या यूयूआयडीत तिसऱ्या गटाच्या सुरुवातीला चार ठरलेला.

‘मग एक चार फुकट आलाच की. पुढचे तीन तू घाल.’

डिझायनरने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्रितात डोकं घातलं. तिसऱ्या गटात ४१४१ बसला. उरलेल्या चार गटांत संगणकाने आपले आकडे टाकले आणि पुस्तक वेगळं ते वेगळंच राहिलं. बिलात ‘चॉइस नंबर, रु. २००’ अशी ओळ वाढली. आता तालुक्यातल्या कवींचं वळण दुकानाकडेच आहे, आणि काल केडगावहून एक जण फोनवर घासाघीस करत होता, की एकाच वेळी दोन संग्रह दिले तर ४१४१ शंभरात पडेल का.